आईच्याच हाकेला

"हे ऐकीव नाही रे, आमच्या कोंडीवहिनीवर गुदरलेलं आहे," जिव्याबाबा म्हणाले. वीज गेलेली. ओट्यावरची पोरं त्यांच्याजवळ सरकली.

सत्त्याण्णव सालची होळीची रात्र. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर कोंडी आणि तिची सून योगिता होळीला नैवेद्य दाखवायला निघाल्या. कोंडीचा मुलगा भिवंडीला वीटभट्टीवर. पाच वर्षांची नात रुपी झोपलेली. कोंडी दाराला कडी घालणार, तोच सून म्हणाली, "कडी नको, आत्या. पोर अडकेल."

सून दहावी शिकलेली, पण जिवाची भित्री. रोज दिवेलागणीला पोरीकडून वदवून घ्यायची.

"धूर दिसला तर?"

"वाकून बाहेर."

"बाहुली राहिली तर?"

"राहू दे."

"मग?"

"मागच्या मोहाच्या झाडाखाली बसायचं. आईच्याच हाकेला उठायचं."

कोंडी हसायची. "घर जळायची वाट बघतेस काय गो?"

"माझं मलाच हसू येतं, आत्या. पण त्याशिवाय झोप लागत नाही."

होळी पेटली. ढोल घुमले. मग वारा फिरला, ठिणग्या उडाल्या आणि त्यांच्याच घराचा पेंढा धडाडून पेटला.

योगिता धावत सुटली.

"अगं, आधी मोहाखाली बघ!" कोंडी मागून ओरडली.

"झोपाळू आहे हो ती! कुठली उठतेय!"

रोज शिकवलं होतं तिनं. पण त्या घटकेला तिचाच त्यावर भरवसा राहिला नाही.

ती आत शिरली.

छप्पर खाली आलं.

रुपी मोहाखाली होती. अंगावर एक चटका नाही. बुंध्याला मिठी मारून बसलेली.

"चल गो बाय, माझ्याजवळ ये."

"आईनं हाक मारली नाही अजून."

बायकांनी उचलू पाहिलं, तर पोर अशी किंचाळली... शेवटी कोंडी तिला कुशीत घेऊन तिथंच बसली. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

ढोल थांबले. राख निवत गेली. एकदा वाटलं, आपणच सुनेच्या आवाजात हाक मारावी... तोंड उघडलं. मग पदर दाबून तसंच मिटलं.

चंद्र कलला.

"ओ!"

रुपी ताडकन उठली. कोंडीनं कान दिला. पान हलत नव्हतं.

"कुणाला ओ दिलीस गो?"

"आईला. म्हणाली, शहाणी माझी. आता आजीबरोबर जा."

कोंडीनं तिचं तोंड चांदण्याकडे वळवलं...

डाव्या गालावर काजळीची तीट होती. मघाशी नव्हती ती. कोंडीनं बोट लावलं.

ऊन होती.