खिळ्यावरचे तीन स्क्रू

“कारागीर कुठे आहेत?” त्याने मला विचारलं. मी तेव्हा लेथवर उभी होते. अंगात तेलकट डांगरी, केसांत पितळेचा कीस, हातात मायक्रोमीटर... आणखी काय करायचं माणसाने? कपाळावर पाटी लावायची?

“मीच,” मी म्हटलं.

“नाही, म्हणजे... जे लेथ चालवतात ते.”

“ते जेवायला गेलेत. परत आले की अगदी माझ्यासारखे दिसतील.”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला जरा बरं वाटलं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा हा मालक रोज आमच्या दारावरून जायचा, पण आत पहिल्यांदाच आला होता. त्याने खिशातून चष्मा पुसायचं मऊ फडकं काढलं आणि दागिना दाखवावा तसा त्यातला एक इवलासा स्क्रू माझ्यापुढे धरला.

दुर्बिणीचा होता. दुर्बिणीच्या तळाशी आरसा असतो, आणि तो जरासा कलला तरी तारा धड ठिपक्यासारखा दिसत नाही, त्याला शेपूट फुटतं. आरसा सरळ करायला मागे स्क्रू असतात. ते फिरवायला बारीक षटकोनी चावी लागते. म्हणजे डोळा वर, हात खाली चाचपडतोय, चावी भोकात जात नाही, आणि गेलीच तर सुटून पडते.

“मोठ्या डोक्याचे तीन करून द्या,” तो म्हणाला. “नुसत्या बोटांनी फिरतील असे. आटे मात्र या नमुन्यासारखेच हवेत.”

मी नमुना मोजू लागले. तो बघत राहिला... स्क्रूकडे नव्हे.

“तुम्ही मायक्रोमीटर डोळ्यांच्या फार जवळ धरून वाचता,” तो एकदम म्हणाला. “चष्मा लागेल बहुतेक.”

आणि हे नेमकं मामांनी ऐकलं.

वर्कशॉप माझ्या मामांचं. तिथे प्रत्येक लेथच्या वर भिंतीत एक खिळा आहे. गिऱ्हाइकाने परत आणलेलं काम सुतळीने त्या खिळ्याला लटकतं, दुरुस्त होईपर्यंत, सगळ्यांना दिसेल असं. दुसऱ्यांदा लटकलं की लेथ सोडायचं, हा मामांचा नियम. भाची म्हणून सूट नाही. तीन वर्षं पॅकिंगच्या टेबलावर काढून मी हे लेथ मिळवलं होतं आणि सात महिने माझा खिळा कोरा होता.

त्याचे स्क्रू मी जीव ओतून केले. डोक्यावर बोटांना पकड मिळावी म्हणून खरखरीत नक्षी पाडली. शिवाय एकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, म्हणजे न बघताही कुठला हाताशी आहे ते कळावं. एवढं त्याने मागितलंही नव्हतं!

तिसऱ्या दिवशी मी जेवून आले तर तिन्ही स्क्रू माझ्या खिळ्यावर लटकत होते.

“चष्मेवाला देऊन गेला,” मामा म्हणाले. “ढिले आहेत म्हणे, घालताच गळून पडतात. तू आधी डोळे तपासून घे. तोवर लेथ बंद.”

तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रू खिळ्यावरून ओढून काढले आणि तशीच, डांगरीतच, त्याच्या दुकानात शिरले. एक बाई खुर्चीत बसून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत अडखळत होत्या. मी दारातूनच तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला. अगदी तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा.

“आता बोला, चष्मा कुणाला लागतो? आणि दुर्बीण कुठे आहे?”

दुर्बीण दुकानाच्या वरच्या गच्चीत होती. अडीच फुटांची नळी, तिला त्याने आपल्या हाताने निळा रंग दिला होता. मी तळाशी बसून पाहिलं आणि हसावं की रडावं कळेना. मागे तीन नव्हे, सहा स्क्रू होते. तीन जाड आणि तीन बारीक.

“यातला कुठला आणला होतात?”

त्याने बारक्याकडे बोट दाखवलं.

“हा आरसा फिरवायचा नाही! आरसा सरळ झाला की जागच्या जागी कसून ठेवायचा, तो आहे हा. फिरवायचे ते जाड. त्यांच्या भोकांत हे बारीक गळून पडणारच!”

“नमुन्यासाठी जाड काढून ठेवला तर आरसा खाली येईल अशी भीती वाटली,” तो पुटपुटला. “म्हटलं, सहाही सारखेच असतील...”

“तुमच्या दुकानात सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा देता का?”

त्याने खाली बसून एक जाड स्क्रू काढला आणि माझ्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचं शटर अजून अर्ध्यावर होतं तेव्हा, तो वाकून आत आला आणि चूक आपली असल्याचं मामांना स्वच्छ सांगून गेला. माझा खिळा मोकळा झाला, लेथही सुरू झालं; पण मामांच्या हिशेबात एकदा लटकलं ते लटकलंच. मला तो चष्मेवाला तेव्हाच आवडला, आणि आवडला म्हणून पुन्हा त्याचाच राग आला.

नवे स्क्रू झाल्यावर मामा म्हणाले, “तूच बसवून ये, म्हणजे परत यायला नकोत.” आरशामागच्या जुन्या लेच्यापेच्या स्प्रिंगांच्या जागी मी कडक स्प्रिंगाही घातल्या. मग त्याने आयपीस, म्हणजे नळीच्या वरच्या टोकाजवळचं डोळा लावायचं भिंग, काढून तिथे मधोमध भोक पाडलेलं झाकण लावलं आणि डोळा टेकवला. आत आरशाच्या मध्यावर एक काळं कडं चिकटवलेलं होतं, आणि झाकणाच्या भोकाचा आरशात दिसणारा ठिपका त्या कड्यात आणायचा होता.

“आता तुम्हीच फिरवा. हात मागे न्या.”

“पोहोचत नाही,” तो म्हणाला.

मग मीच फिरवलं. “एक खाचवाला... किंचित... नाही, उलटा... हं, तसाच—” तो वरून सांगत होता आणि त्याचा आवाज फारच जवळून येत होता. वाऱ्याने माझ्या केसांतला कीस त्याच्या बाहीवर उडाला. तो त्याने झटकला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी डोकी अर्धा इंच लांब करून आणली. पोहोचत नाही. तिसऱ्या दिवशी आणखी अर्धा इंच. पोहोचत नाही. चौथ्या दिवशी आम्ही कधी ‘तू’वर आलो ते कळलंही नाही... पण हात काही पोहोचला नाही.

पाचव्या दिवशी मी निघत असताना मामांनी सुतळीचा गुंडा उचलला.

“पाच दिवस झाले, अजून बसले नाहीत? मग हे परत आल्यातच जमा. दुसऱ्यांदा.”

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

“शर्टाची बाही वर कर!”

“काय?”

“हात मोजायचाय!”

स्टीलची पट्टी मी त्याच्या खांद्याला लावली. तो श्वास रोखून उभा. खांद्यापासून बोटांपर्यंत अठ्ठावीस इंच. झाकणापासून स्क्रूपर्यंत चोवीस.

“पोहोचतो,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून पोहोचत होता. माझ्या कामाला नावं ठेवलीस? तुझ्या खेळापायी उद्या माझं लेथ जाणार आहे, माहीत आहे?”

त्याचा चेहरा पडला. लेथचं त्याला खरंच माहीत नव्हतं.

“पोहोचला असता तर... तू यायची थांबली असतीस,” तो म्हणाला. “मला तू हवी आहेस. स्क्रू नसले तरी चालतील.”

“हे मला सांगून काय उपयोग? खिळ्याखाली उभा राहून सांग!”

वाटलं, घाबरेल. पण सकाळी तो आला आणि नेमका माझ्या खिळ्याखाली उभा राहिला. चारही लेथ थांबली.

“स्क्रू उत्तम आहेत,” तो मोठ्याने म्हणाला. “हात पोहोचतो. इतके दिवस मी खोटं बोललो.”

“का?” मामांनी विचारलं.

“तिने रोज यावं म्हणून.”

पलीकडच्या लेथवरचे काका खोकले. मामा मात्र ढिम्म. “आणि तिचे डोळे? चष्मा लागेल म्हणाला होतास.”

“त्या दिवशी बोलायला दुसरं काही सुचलंच नाही. डोळे उत्तम आहेत.”

“तपासलेस कधी?”

“रोज बघतोय.”

आता सगळेच खोकले. माझे कान तापले होते आणि राग कुठे गेला ते सापडत नव्हतं. मामांनी सुतळी माझ्या हातात दिली. “तुझा खिळा. काय लटकवायचं ते तूच बघ.”

खणात त्याचा तो पहिला बारीक स्क्रू होता, चुकीचा नमुना. मी तो सुतळीला बांधून खिळ्याला अडकवला.

“हे काम तुझं परत आलंय,” मी त्याला बजावलं. “सुधारेपर्यंत इथेच राहील.”

“किती दिवस लागतील?”

“संध्याकाळी गच्चीत येते, मग सांगते. आता बाजूला हो, उजेड अडतोय.”

तो बाजूला झाला, पण गेला नाही. मी गॉगल डोळ्यांवर ओढला आणि लेथ सुरू केलं. माझं लेथ.