गुणाबाईंची बोटं

ही ऐकीव गोष्ट नाही. गुणाबाईंचा तो हात मी स्वतः पाहिलाय.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. निपाणी. भर दुपार.

माझी मावसबहीण शाल्मली बेळगावात चित्रकला शिकवते. शाईची चित्रं काढते... ओरबाडल्यासारख्या रेघा. चेहरा हुबेहूब नसला तरी चालेल, माणसाची हालचाल कागदावर उतरली पाहिजे, हा तिचा हट्ट. प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि एकही चित्र साधत नव्हतं.

म्हणून ती गुणाबाईंकडे गेली. चाळीस वर्षं विड्या वळणारी बाई. मांडीवर सूप, आणि बोटं डोळ्याला दिसू नयेत इतकी चपळ.

"काढा की ताई. मी काय थांबणार न्हाय हां!"

शाल्मलीनं उजवा हात काढला. चार फटकाऱ्यांत.

कागदावरची बोटं... वळवळली.

तोच गुणाबाईंच्या हातातली पान कापायची कात्री सुपात पडली.

"मंगल... हात बघ गं माझा. हलंना!"

लेक धावत आली. दवाखाना झाला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. हात मात्र लाकूड.

शाल्मलीला कळलं होतं. कागद कानाशी धरला की आतून आवाज यायचा...

सर्र... सर्र... पान वळल्याचा.

तिनं तो फाडला नाही. असं चित्र तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

आठवड्यानं ती पुन्हा गेली. विचारपूस करायला म्हणून. पिशवीत शाईची बाटली.

गुणाबाई डाव्या हातानं वळायला शिकत होत्या.

"बसा ताई. मंगल, च्या टाक गं."

चहा होईस्तोवर डावा हात कागदावर आला.

पुढच्या रविवारी पाय. मग मान, डोळे.

प्रदर्शनात लोक त्या चित्रांसमोरून हलेनात.

मे महिन्यात मंगल बेळगावला आली. शाल्मलीनं घाईनं चित्रं कपाटात टाकली. पण मंगल भांडली नाही. तिला सगळं उमगलं होतं.

"पापणी सुदिक हलत न्हाय आईची. नुसती छाती वर-खाली हुतीया..."

ती दाराला टेकली.

"तेवढं बी काढा ताई. सुटंल ती."

शाल्मलीनं काढलं. त्याच दुपारी गुणाबाई गेल्या.

आजही मंगलचा फोन येतो.

"सुटली न्हवं माझी आई?"

"व्हय गं, सुटली," शाल्मली सांगते.

परवा असा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. चित्रांचं कपाट बंद होतं.

आत कुणीतरी धापा टाकत होतं...