वाढीव वजन

आमच्या शाळेत रोबोटच्या तीन टीम आहेत. छोट्यांची, मधल्यांची आणि मोठ्यांची. तिन्ही टीमना मिळून जागा एकच, जुनी व्यायामशाळा. तांब्याची खाण बंद पडल्यावर गावातली निम्मी घरं रिकामी झाली, शाळेतली मुलं कमी झाली, म्हणून ती आमच्या वाट्याला आली. मी वीज कंपनीत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यापासून या मुलांना शिकवते. मुलं मला बाई म्हणतात.

मार्च महिना होता. सुपीरियर सरोवरावरून वारं येत होतं आणि बर्फ खिडक्यांपर्यंत चढला होता, त्यामुळे दुपारीही दिवे लावावे लागत. छोट्यांची ठोकळ्यांची गाडी फरशीवरच्या काळ्या पट्टीवरून पळायची. ती मागच्या दाराजवळ एकदम थांबली. समोर काही नव्हतं. मी सेन्सर पुसला, वायर बदलली. गाडी पुन्हा तिथेच थांबली. शेवटी पोरांनीच पट्टी उखडली आणि जरा वळसा घालून चिकटवली.

"आता त्याला त्रास नाही होणार," सात वर्षांची लेम्पी म्हणाली. कोणाला, असं मी विचारलं नाही. या वयाची मुलं खुर्च्यांशीही बोलतात.

पुढच्या आठवड्यात मधल्यांचा रोबोट त्याच जागी अडला. त्याचा सेन्सर वेगळा, प्रोग्रॅम लिहिणारी मुलंही वेगळी. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली. दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने सगळी फरशी गारठली होती. तेवढा एक तुकडा कोमट होता. खालून गरम पाण्याचा पाइप जात असेल, असं मी धरून चालले. शाळेच्या शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला की त्या बाजूला पाइप कधी टाकलाच नाही.

मोठ्यांचा रोबोट कमरेएवढा उंच, अंगावर आला तर हाड मोडेल असा. वाटेत माणूस आला की तो आपोआप थांबावा, अशी सोय मीच करून घेतली होती. तो चालवायची काइसा. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. यंदा राज्य फेरी गाठली नाही तर तिन्ही टीम बंद करू, असं शाळेच्या मंडळाने सांगून टाकलं होतं. तिने ते फारच मनावर घेतलं होतं. वेलचीचा पाव एका हातात धरून ती दुसऱ्या हाताने सराव करायची. आणि तिचा रोबोट मागच्या दाराशी पोहोचला की थांबायचा.

"बाई, तो सेन्सर बंद करू या," ती म्हणाली.

"आणि समोर माणूस आला तर?"

"समोर कोणी नाहीये, बाई. तुम्हीच बघा."

मी बघितलं. कोणी नव्हतं. स्पर्धा शनिवारी होती. मी होकारार्थी मान हलवली.

सगळ्यांना जाळीमागे उभं केलं. काइसाने रोबोट पूर्ण वेगात सोडला. लेम्पीने पाठ फिरवली आणि कानांवर हात ठेवले.

धडक बसल्याचा आवाज आला नाही. रोबोट त्या जागी पोहोचला आणि जरासा खाली दबला, कोणी बसल्यावर हातगाडी दबते तसा. मग पुढे गेला. पण मोटरींचा आवाज बदलला होता.

"ओढत चाललाय," काइसा हळूच म्हणाली.

मी जाऊन फरशीला हात लावला. तो तुकडाही आता गार होता.

शनिवारी स्पर्धेच्या हॉलमध्ये आमचा रोबोट काट्यावर चढवला. वजन मर्यादेपेक्षा चाळीस पौंड जास्त भरलं. शाळेत ते बरोबर भरलं होतं आणि त्यानंतर आम्ही एक स्क्रूही वाढवला नव्हता. तपासनीस भला माणूस होता. त्याने काटा शून्यावर आणला, स्वतःची हत्यारपेटी ठेवून पाहिली. काटा ठीक होता. वजन उतरवा, नाहीतर मैदानात सोडता येणार नाही, असं त्याने सांगितलं. काइसा पाना हातात घेऊन नुसती उभी राहिली. काढण्यासारखं काही नव्हतंच.

छोट्यांचं प्रदर्शन त्याच हॉलमध्ये होतं. लेम्पी कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. बसमधून कोणाला उतरवून घ्यावं, तसा तिने काट्याकडे हात केला.

"चल, उतर," ती म्हणाली.

आकडा खाली आला.

तपासनिसाने रोबोटवर मंजुरीचं लेबल चिकटवलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

काइसा त्या दिवशी जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. आम्ही राज्य फेरी गाठली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मग मोठी मुलं बसने निघाली.

बाहेर लेम्पीचे वडील तिला हाका मारत होते. ती माझ्यापाशी थांबली.

"बाई, आमच्या गाडीत जागा नाहीये. तो तुमच्याबरोबर येईल."

मी थकले होते. बरं, म्हणाले.

गाडी सुरू केली. शेजारची सीट रिकामी होती. पट्टा लावा म्हणून सांगणारी घंटी वाजू लागली. माझा पट्टा लावलेला होता. मी घंटी थांबायची वाट पाहिली. ती थांबली नाही.

शेवटी मी हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि अडकवला. घंटी बंद झाली.

पट्टा सीटला टेकला नव्हता.