हवेतली ओल

एप्रिलची रणरणती दुपार. इंदूरच्या पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या तीन वर्कशॉपांतून नकार घेऊन अनुश्री चौथ्यात शिरली, तेव्हा तिच्या हातातल्या पत्र्याच्या पेटीला आंबूस वास सुटला होता. मालक वासुदेव सेठ जेवायला गेले होते. स्टुलावर खाकी शर्टातला एक तरुण पंपाचा वॉशर कापत बसला होता.

"भैया, ये पेटी का पंखा फिरता नहीं है," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. डोळ्यांत हसू होतं.

"साताऱ्याच्या की सांगलीच्या?"

"साताऱ्याची. पण... कसं ओळखलंत?"

"इंदूरमध्ये पंखा फिरत नाही जी, घुमतो."

तिलाही हसू आलं. त्यानं पेटी उघडली, आतला करड्या रंगाचा चुरा चिमटीत घेतला. "सोयाबीनचा भुसा? ह्याचं काय करून राहिल्या तुम्ही?"

"तेल काढतेय."

"भुशातून?"

"भुशावर बुरशी वाढवायची. ती भुसा खाते आणि पोटात तेल साठवते. मग ती बुरशी वाळवून तेल काढायचं."

त्यानं चुरा पुन्हा पेटीत टाकला. "खाऊन खाऊन आत तेल साठवायचं... म्हणजे आमचे वासुदेव सेठ."

तेवढ्यात सेठ ढेकर देत आत आले, आणि अनुश्रीला हसू लपवायला पेटीत डोकं घालावं लागलं.

त्याचं नाव यतीन मुजुमदार. पंखा त्यानं अर्ध्या तासात सुरू केला, पण पेटी परत देताना म्हणाला, "पंख्यात काही नव्हतं फारसं. तुमची बुरशी तहानेनं मरून राहिली आहे. माळव्याचा उन्हाळा कोरडा असतो जी. मी सूतगिरणीत हवा सांभाळायचो. हवा सुकली की सूत तुटतं. म्हणून सगळ्या खात्यात बारीक फवारा मारून ओल राखायची, हेच माझं काम. आठ वर्षं केलं."

"आणि आता?"

"आता मिलच नाही," तो म्हणाला आणि पुन्हा वॉशर कापू लागला.

अनुश्री दीड वर्षापूर्वी इंदूरला आली होती, कॉलेजातल्या एका प्रकल्पावर. स्नेहलतागंजमध्ये एका खोलीत राहायची. प्रकल्पाची मुदत जूनअखेर होती, आणि मार्चपासून तिच्या एकाही ट्रेमध्ये बुरशी धड वाढली नव्हती. तेल निघालं नाही, तर रिकाम्या हातांनी साताऱ्याला परतायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पोलोग्राउंडला गेली आणि सरळ म्हणाली, "माझ्या प्रयोगशाळेतली हवा सांभाळाल का?"

तो संध्याकाळी आला. प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत त्यानं खिडकीला वाळ्याचे पडदे बांधले, छताशी विजेच्या पंपाला जोडलेली पितळी नळी फिरवली, तिला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडली. काम झाल्यावर खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं मनगटाची आतली बाजू हवेत धरली आणि डोळे मिटले.

"हे काय?"

"मोजून राहिलो आहे."

"मोजतोय म्हणा. भिंतीवर मीटर आहे की."

"मीटर नंतर बघा. पंचाऐंशी टक्के."

तिनं मीटर पाहिलं. चौऱ्याऐंशी होतं. "एकानं चुकलात," ती म्हणाली.

"मीटर चुकलं असेल," तो शांतपणे म्हणाला.

मग तो रोजच येऊ लागला. कधी नळीचं भोक तुंबलं म्हणून, कधी तुंबेल म्हणून. ती त्याचं 'करून राहिलो' दुरुस्त करायची, तो तिचं हिंदी. एकदा तिनं त्याला सूक्ष्मदर्शकातून बुरशीच्या तंतूंमधले तेलाचे इवलाले थेंब दाखवले. तो इतका वेळ पाहत राहिला की तिनं विचारलं, "काय दिसतंय एवढं?"

"दिसत नाहीये काहीच. तुम्ही बाजूला उभ्या आहात... लक्ष लागत नाही."

तो डोळा न हलवता बोलला, म्हणून तिचं लाजणं त्याला दिसलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे ट्रे पांढरे झाले. भुसा झाकून टाकणारी मऊ, दाट, पांढरी वाढ. अनुश्री आनंदानं त्याच्याकडे वळली, तर तो नुसता उभा होता.

"पिंजलेल्या कापसासारखं दिसतं," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं झाली पाहून."

ती त्याच्याजवळ जाऊन तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात एकदा सकाळी वीज गेली ती दिवसभर आलीच नाही. कॉलेजातलं काम आटोपून अनुश्री धावतपळत ट्रेच्या खोलीकडे आली, तर यतीन झाडांवर फवारायचा हातपंप पाठीला बांधून भिंती भिजवत होता. शर्ट घामानं चिंब झाला होता. "ट्रेवर पाणी पडू द्यायचं नाही," तो स्वतःशीच म्हणत होता, "फक्त हवेत... फक्त हवेत." ती दारातच थांबली. आपलं काय झालंय, ते तिला तिथं कळलं.

तेल निघालं. बुरशी वाळवली, कुटली, द्रावकात भिजवून गाळली, द्रावक उडवून दिलं; परीक्षानळीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं सोनेरी तेल उरलं. तिनं एक थेंब त्याच्या बोटावर ठेवला. त्यानं तो अंगठ्यानं चोळला, मग तिच्या बोटावर टेकवला. "एकदम मुलायम," तो म्हणाला, आणि हात मागे घ्यायला दोघांनाही जरा उशीर झाला.

दुसऱ्या दिवसापासून तो यायचा थांबला. आठ दिवस वाट पाहून अनुश्री पोलोग्राउंडला गेली. तो एकटाच होता.

"कुठे होतात?"

"इथेच. तुमचं काम झालं ना."

"कोणी सांगितलं?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "अनुश्रीजी, तुम्ही उद्या डॉक्टरेट मिळवाल. मी बंद मिलचा माणूस. मुलीवाले घरी येतात, मिलचं नाव ऐकतात आणि चहा अर्धा टाकून उठतात. मला आता सवय झाली आहे. पण तुम्ही तसं उठून गेलात, तर... ते नाही झेपणार."

बाहेर एक टेम्पो खडखडत गेला. अनुश्रीनं स्टूल ओढलं आणि ती त्याच्यासमोर बसली.

"मी पीएच.डी. इथंच करायचं ठरवलंय. सकाळी प्रकल्पाच्या सरांना सांगितलं, त्यांनी विभागात शिकवायचे तासही दिलेत."

"का?"

"इतका सोयाबीनचा भुसा साताऱ्यात कुठे मिळणार?"

"एवढंच कारण?"

"दुसरं कारण तुम्ही विचारलंच नाहीत अजून."

यतीननं कापसाच्या गुंडाळीनं हात पुसले, बराच वेळ पुसले. "आमच्याकडे... चहाला याल?"

"येईन," ती म्हणाली. "आत्ता येईन."

त्याची आई दारात दोघांना एकत्र पाहून पदर सावरून आत गेली आणि कपबशी घेऊन आली. चहा गोडमिट्ट होता. समोर बसलेल्या यतीनची नजर कपावरून हलत नव्हती. अनुश्रीनं सावकाश, घोट घोट घेत कप रिकामा केला आणि बशीत ठेवला.

"अजून देऊ का थोडा?" आईनं विचारलं.

"द्या ना, आई," अनुश्री म्हणाली.