कालवं, लिंबू आणि बर्गंडी

पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो माझ्या आईची टोपली हुंगत होता. बोईसरच्या बाजारात, कडक इस्त्रीच्या शर्टात, डोळे मिटून...

"घ्यायचंय, का नुसतं नाक भरायचं हाय?" आईने विचारलं. माझी आई मंजुळा, नवापूरच्या खडपावरची, म्हणजे समुद्रातल्या खडकांवरची कालवं फोडून विकते.

"नाक," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

त्याचं नाव दर्पण. वाइन चाखायच्या परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा झाला, तर वडिलांच्या कारखान्यात पिंपांची झाकणं मोजायची... आयुष्यभर. घोडं एकाच प्रश्नावर अडायचं: दोन पेल्यांपैकी निव्वळ एकाच मळ्यातल्या द्राक्षांची पांढरी बर्गंडी वाइन कुठली? पुस्तकात म्हटलं होतं, तिला ओल्या शिंपल्याचा वास येतो. दर्पणच्या घरी कांदासुद्धा दार लावून चिरतात. शिंपला त्याने कॅलेंडरवर पाहिलेला.

"शेजारच्या मळ्यातली द्राक्षं मिसळली, की वास बदलतो," तो म्हणाला.

"मग त्यात काय! कालव कुठल्या खडपाचं, ते आई डोळे मिटून सांगते."

"कोणी शिकवलं?"

"खडपाने," आई म्हणाली.

मग तो रोज सकाळी यायचा. हुंगायचा. चुकायचा. आई म्हणायची, "झाकणंच बरी."

मी कालवं फोडून कंपनीत जायचे. हाताला लिंबू चोळायचे, तरी वास उरायचाच; बसमध्ये हात ओढणीत लपवून, खिडकीला चिकटून बसायचे. एके दिवशी मी दर्पणपुढे शिंपला धरला. त्याने माझा हातच हुंगला.

"शिंपला इकडे आहे—"

"माहितीये, भाग्यश्री..."

आईने सुरी टोपलीवर आपटली. त्याने हात सोडला.

पंधरा दिवसांनी तो बाटली घेऊन आला. पास! स्टीलच्या पेल्यात वाइन ओतून त्याने माझ्यापुढे धरली. मी वास घेतला. लिंबू... आणि मागून ओला शिंपला.

"हा तर माझा हात!"

"पेपरात तेच लिहिलं, भाग्यश्रीचा हात. परीक्षकांनी विचारलं, 'भाग्यश्री' हा कुठला मळा? म्हटलं, नवापूर. मिसळ नाही." त्याने बाटली खाली ठेवली. "तुझा हात... कायमचा मिळेल?"

मी ओढणीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला.

आईने पेला हुंगला. "लई म्हाग हाय का रे?"

"खूप."

"असणारच. माझ्या पोरीचा वास हाय."

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी अगदी मधोमध बसले. लिंबू मात्र चोळलं होतं... त्याशिवाय बर्गंडी पुरी होत नाही.