‘सोड’ म्हणेपर्यंत

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. आणि काका म्हणजे भुताचं नाव काढलं की खो खो हसणारा माणूस. निदान त्या संध्याकाळपर्यंत तरी.

तरुणपणी ते एकटेच सायकलवर भटकायचे. थंडीचे दिवस होते. दिवेलागणीला ते किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात पोचले. पोटात कावळे ओरडत होते. मुक्कामाचं विचारायला बोटींच्या धक्क्यावर गेले, तर समुद्रावर दाट धुकं. बोटी सगळ्या बांधलेल्या. दिव्याखाली एक बाई फाटलं जाळं सांधत बसली होती, तेवढीच.

काकांनी सायकल खांबाला टेकवली.

आणि धुक्यातून... एक दोर येऊन छातीवर आदळला.

"धर रे!"

काकांनी धरला. कुणीही धरला असता. दोर ताणला गेला, पलीकडे बोटीचं वजन होतं. पण इंजिनाचा आवाज नाही, वल्ह्याचा नाही... पाण्याचासुद्धा नाही.

"मावशी, कुणाची तरी बोट आलीय!"

बाईच्या हातातली सुई गळून पडली.

"सगळ्या आल्यात," ती धावत येत म्हणाली. "एकच राहिलीय. माझ्या पोराची. गेल्या वर्षी गेलीय ती."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते दोर टाकणार, तोच तिने त्यांची मनगटं पकडली.

"नको दादा! बोटीवरचा ‘सोड’ म्हणेपर्यंत दोर सोडायचा नसतो. तेव्हा धरायला कुणी नव्हतं हो... मी रोज इथे बसते. मला नाही टाकला त्याने कधी."

दोर काकांना ओढू लागला. आधी हळू. मग...

काकांचे बूट ओल्या दगडावरून घसरत पार कडेला आले. खाली काळं पाणी.

"ये रे राजा, धरलाय दोर!" बाई हाका मारत होती.

"आलोच..." अगदी जवळून.

काकांनी जिवाच्या आकांताने हात सोडवले.

दोर धुक्यात गेला. पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नाही.

बाई रडली नाही. काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"‘सोड’ म्हणाला का तो?"



"हो," ते म्हणाले.

"मग पोचला," ती म्हणाली, आणि हसली. जाळं गोळा करून घरी गेली. काका भूक विसरून सायकलवर बसले, ते थेट पुढच्या गावात थांबले.

सायकल आता जिन्याखाली धूळ खात पडलीय. समुद्र आमच्यापासून कितीतरी लांब आहे. तरी दिवेलागण झाली की काका मुठी आवळून बसतात. काकू चहाचा कप पुढे करते, तो त्यांना धरता येत नाही.

"सोडा की आता," ती वैतागून म्हणते.

"त्याने म्हणायला हवं ना," काका म्हणतात.

आम्ही याला म्हातारचळ म्हणायचो. परवा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. काकांचे हात ताठ झाले...

आणि त्यांची खुर्ची फरशीवरून दाराकडे सरकली.