साहेबांचा खोकला

ही घटना खरी आहे. पेपरात आली नाही, यावरूनच समजा.

ठिकाण आदिलाबाद. गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. घडलं ते माझ्या मेहुण्यासोबत, नागेशसोबत. तो इथल्या एका मराठी दैनिकाचं पहिलं पान लावतो.

पेपरचे मालक भगवंतराव साहेब. कापसाची जिनिंग मिलही त्यांचीच. म्हातारपणी नजर गेली, पण पानावरचा ताबा गेला नाही. रोज संध्याकाळी नागेश फोनवरून त्यांच्या केबिनमध्ये पान वाचून दाखवायचा.

साहेब गप्प, म्हणजे मंजूर.

साहेब खोकले, की बातमी उडाली.

त्या खोकल्याला आमदारही घाबरायचे.

दिवाळीत साहेब वारले. केबिनला कुलूप लागलं. फोनची वायर काढली.

मग बाजारहत्नूर गावची जयवंताबाई पेपरच्या ऑफिसात आली. तिचा नवरा खुशाल साहेबांच्या जिनिंगमध्ये, मशीनच्या पट्ट्यात सापडून मेला होता. पेपरनं छापलं होतं, दारू पिऊन पडला.

"माहा मालक थेंबभर पेत नव्हता, भाऊ. पोरीले सोयरीक येत नाही. बेवड्याची पोरगी म्हणतेत. खरं काय ते छापा."

साहेबांची मुलगी नीलिमाताई आता मालकीण. त्या म्हणाल्या, "छापून टाका."

नागेशनं पान लावलं. जयवंताबाई दारापाशी बसून राहिली. आणि सवयीनं... नागेशनं फोन उचलला. वाचायला लागला.

मंत्र्यांचा दौरा. शांतता.

कापसाचा भाव. शांतता.

"खुशाल यांना दारूचं व्यसन नव्हतं..."

रिसीव्हरमध्ये कुणीतरी खोकलं.

नागेशनं खाली पाहिलं. वायर टेबलाखाली लोंबत होती... कशालाच जोडलेली नव्हती.

"सर, पान छपाईला सोडू का?" कॉम्प्युटर ऑपरेटर पंढरीनं विचारलं.

"पंढरी, तू ऐकलं?"

"साहेबाईचा खोकला? मी काय बी नाही ऐकलं. मले लेकरंबाळं हायेत. बातमी उडवा, सर. तिथं वाढदिवसाची जाहिरात टाकतो."

नागेशचा हात माऊसवर गेलाही होता.

"काऊन थांबले, भाऊ?" दारातून जयवंताबाई म्हणाली. "वाचा न."

त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी खोकला फोनमधून आला नाही...

कुलूप लावलेल्या केबिनमधून आला.

जयवंताबाईनं तिकडे पाहिलं. जागची हलली नाही.

"खोकू द्या त्याईले. तुमी वाचा."

नागेश वाचत राहिला. आत खोकला वाढत गेला. मग खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली...

कडी हलली.

"सोड!" नागेश ओरडला.

पंढरीनं पान सोडलं. आत सगळं शांत.

सकाळी बातमी जशीच्या तशी आली. नीलिमाताईंनी केबिन उघडली. आत कुणी नव्हतं. महिनाभर कुणी गेलंही नव्हतं.

पण साहेबांची पिकदाणी... ओली होती.

जयवंताबाईच्या घरी ती बातमी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतात म्हणे. तिथं कुणी खोकत नाही.

नागेश मात्र आता पान मनातल्या मनात वाचतो. खरं सांगायचं तर मीसुद्धा. सकाळी पेपर उघडला की बायको विचारते, "काय आलं आज? मोठ्यानं वाचा न."

मी म्हणतो, विशेष काही नाही.